छत्तीस पेठा, दोन गैरसमज

आमच्या मंडळाच्या मासिक बैठकीत मध्यंतरी व्हिएतनामवरची दोन प्रवासवर्णने लागोपाठ वाचली गेली. तसे होणे स्वाभाविकच होते. भारतातून व्हिएतनामला जाणाऱ्यांची संख्या २०२४ साली पाच लाखांच्या घरात पोहोचली, आणि प्रवासाला निघालेला मराठी माणूस परतल्यावर लिहिल्यावाचून राहत नाही. पहिल्या लेखकाने हानोईच्या प्रसिद्ध छत्तीस पेठांचा निकाल चार ओळींत लावला. त्यांच्या मते तिथे आता अस्सल असे काहीच उरलेले नाही. चांदीच्या रस्त्यावर नोटा बदलून देणारे बसले आहेत, तागाच्या रस्त्यावर रेशीम विकले जाते, सगळा प्रवाशांना गंडवण्याचा बाजार आहे. दुसऱ्या लेखिकेचे मत नेमके उलट. त्यांना त्याच पेठांत हजार वर्षांचे शहर जसेच्या तसे जपलेले दिसले, आणि ‘आपल्याकडे हे का होत नाही?’ या हळहळीने त्यांनी लेखाचा समारोप केला. बैठकीत दोन तट पडले. छत्तीस पेठांवरून छत्तीसचा आकडा जमला, आणि चहा निवून गेला तरी वाद निवला नाही.

आम्ही त्या दिवशी बोललो नाही. ज्या गावी आपण जेमतेम आठवडाभर राहिलो, त्याविषयी भर सभेत ठासून बोलणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. परंतु घरी आल्यावर पुष्कळ विचार केला आणि असे वाटले की हे मौन बरोबर नाही. दोन्ही मते आमच्या दृष्टीने चुकीची आहेत, आणि गंमत अशी की दोहोंच्या मुळाशी चूक एकच आहे. दोघांनीही पेठ म्हणजे कपाटात ठेवलेली एखादी जुनी वस्तू मानली. एकाला ती बिघडलेली दिसली, दुसरीला सुस्थितीत दिसली. पेठेत राहणारी माणसे मात्र दोन्ही लेखांत कोठेच नव्हती. एकात ती गंडवणारी म्हणून आली, दुसऱ्यात छायाचित्राची शोभा म्हणून.

प्रथम त्या छत्तीसविषयी, कारण गैरसमजाची सुरुवात तेथूनच होते. १०१० साली ली थाय तो या राजाने आपली राजधानी तांबड्या नदीच्या काठी आणली आणि तिला थांग लॉंग, म्हणजे ‘वर झेपावणारा ड्रॅगन’, असे नाव दिले. पुढे ले घराण्याच्या काळात या राजधानीचे छत्तीस ‘फुओंग’ होते. फुओंग या शब्दात वस्ती आणि एका धंद्याच्या लोकांची श्रेणी हे दोन्ही अर्थ मिसळलेले आहेत. ‘फो’ म्हणजे दुकानांचा रस्ता. ते छत्तीस फुओंग साऱ्या राजधानीचे होते, केवळ बाजाराचे नव्हते. कालांतराने ‘छत्तीस फो-फुओंग’ हा जोडशब्द लोकांच्या तोंडी बसला आणि किल्ल्याच्या पूर्वेच्या गजबजलेल्या भागाला कायमचा चिकटला. आज त्या भागातले रस्ते मोजले तर सत्तरांहून अधिक भरतात. म्हणजे हा आकडा आपल्या बारा बलुतेदारांसारखा आहे. गावात बलुतेदार बारा आहेत की चौदा, हे मोजत कोणी बसत नाही. शब्द ऐकला की गावगाडा डोळ्यांसमोर उभा राहतो, एवढे पुरे. ‘छत्तीस रस्ते, छत्तीस धंदे’ अशी यादी हातात घेऊन जो तिथे फिरेल, तो परत येताना निराश होऊनच येईल. परंतु त्यात दोष शहराचा नसून यादीचा असेल.

रस्त्यांची नावे मात्र खरोखरच धंद्यांची आहेत. ‘हांग’ म्हणजे माल. हांग बाक ही चांदी आळी, हांग थिएक ही कथलाची, हांग चिएव चटयांची, हांग बुओम शिडांची, हांग मुओय मिठाची, हांग क्वात पंख्यांची. पुण्याची तांबट आळी ज्याला ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण ही आळी वसली कशी, हे पाहण्यासारखे आहे. हांग बाकचेच उदाहरण घेऊ. पंधराव्या शतकात ले थान तोंग राजाच्या काळात चाऊ खे नावाच्या गावच्या कारागिरांना राजधानीत चांदीच्या लगडी ओतण्याचे काम मिळाले. ते आले ते एकटेदुकटे आले नाहीत. भावकी आली, गावचे रीतिरिवाज आले, आणि धंद्याचे दैवतही आले. चांदी आळीत त्यांचे ‘दिन्ह’, म्हणजे सामाईक देवघर व चावडी, उभे राहिले. त्याला किम न्गान म्हणतात, आणि ते आजही तिथे आहे. रंगाऱ्यांचे गाव वेगळे, खरादी काम करणाऱ्यांचे वेगळे, शिंपल्याचे जडावकाम करणाऱ्यांचे वेगळे. प्रत्येक आळी म्हणजे शहरात येऊन राहिलेले एक गाव होते. सणावाराला मूळ गावी जायचे, आणि ते जमले नाही तर शहरातल्या दिन्हमधून गावाकडे तोंड करून हात जोडायचे, अशी ही व्यवस्था. पोटापाण्यासाठी मुलूख सोडून आलेल्या आणि परक्या शहरात गणपती बसवून आपली आळी वसवणाऱ्या आपल्या पूर्वजांची आठवण इथे ज्याला होणार नाही, असा बृहन्महाराष्ट्रातला वाचक विरळा.

आता पहिल्या गैरसमजाकडे वळू. तागाच्या रस्त्यावर ताग नाही, म्हणून तो रस्ता खोटा झाला, असे पहिल्या लेखकाचे म्हणणे. हा तागाचा रस्ता म्हणजे हांग गाइ. त्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. प्रारंभी तिथे तागाचे दोर आणि सुतळी विकली जाई. एकोणिसाव्या शतकात त्याच रस्त्यावर लाकडी ठशांवर पुस्तके छापणाऱ्यांच्या पेढ्या निघाल्या. न्गुयेन दू या महाकवीचे ‘किएऊ’ हे काव्य व्हिएतनामी माणसाच्या जिभेवर असते; त्याच्या लाकडी ठशांच्या आवृत्त्या याच रस्त्यावरून लोकांच्या हाती गेल्या. आज तिथे रेशमाची दुकाने आहेत. आता आम्ही विचारतो, यांतला ‘अस्सल’ हांग गाइ कोणता? दोरांचा, ग्रंथांचा, की रेशमाचा? ज्याला दोर नाहीत म्हणून दुःख होते त्याने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी त्या रस्त्यावरून जाताना पुस्तके पाहूनही हळहळायला हवे होते. आमच्यासारख्या साहित्यप्रेमी मंडळींपैकी कितीजणांनी तशी हळहळ व्यक्त केली असती?

हांग बाकचेही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्गुयेन राजघराण्याने राजधानी ह्युए येथे नेली, आणि तिच्यापाठोपाठ चांदी ओतण्याचे सरकारी कामही गेले. कारागीर राहिले. त्यांनी दागिने घडवायला घेतले आणि कोणी नाणी-नोटा बदलून देऊ लागले. फ्रेंचांनी त्या रस्त्याला जे नाव दिले त्याचा अर्थच मुळी ‘सराफांचा, नाणी बदलणाऱ्यांचा रस्ता’ असा होता. तेव्हा पहिल्या लेखकांना जो नोटा बदलून देणारा माणूस परंपरा बुडवणारा वाटला, तो वस्तुतः शंभरांहून अधिक वर्षांच्या परंपरेचा पाईक आहे. त्यांनी त्याच्याकडे डॉलर दिले, घासाघीस केली आणि घरी येऊन त्याच्याविरुद्ध लेख लिहिला.

आणि मालाबरोबर माणसेही बदलत आलेली आहेत. हांग बुओम या शिडांच्या रस्त्याजवळून एके काळी तो लिक नावाची नदी वाहत असे आणि नावा थेट पेठेत लागत. म्हणून तिथे शिडे विकली जात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच अमदानीत नदीचा तो भाग बुजवला गेला. नदी गेली, शिडे गेली, पण चिनी व्यापाऱ्यांची तिथली वस्ती भरभराटली. कँटन प्रांताच्या मंडळींचे सभागृह तिथे उभे होतेच. १९७८-७९ साली चीनशी संबंध बिघडले तेव्हा हानोईतले बहुतेक चिनी लोक देश सोडून गेले. त्या सभागृहात कित्येक वर्षे बालवाडी भरत असे. अलीकडे त्याची डागडुजी होऊन तिथे कलाप्रदर्शने होऊ लागली आहेत. शेजारच्याच फण्यांच्या रस्त्यावर, हांग लुओक येथे, हानोईतली एकुलती एक मशीद आहे. ती बांधली सुमारे १८९० साली हिंदी मुसलमान व्यापाऱ्यांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी हांग दाओ या रेशमाच्या रस्त्यावर हिंदी लोकांची कापडाची दुकाने होती, आणि हानोईकर त्यांना ‘काळे साहेब’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. हे नाव काही प्रेमाने दिलेले नव्हते. फ्रेंचांच्या छत्राखाली आलेला परदेशी दुकानदार स्थानिकांच्या डोळ्यांत सलणारच. मुद्दा एवढाच की ज्या पेठेच्या ‘शुद्धतेविषयी’ आपण आज गळा काढतो, तिच्या अशुद्धतेत आपल्याच देशबांधवांचा वाटा होता.

शुद्ध पेठ ही कल्पनाच मुळात प्रवाशाची आहे. दुकानदाराला ती परवडत नाही. गिऱ्हाईक बदलले की माल बदलतो, आणि जो बदलत नाही त्याचे दुकान दुसरा कोणी चालवतो. तरीही सगळेच बदलले असे नाही. लान ओंग या रस्त्याला अठराव्या शतकातल्या एका थोर वैद्याचे नाव आहे, आणि तिथे आजही काष्ठौषधींच्या पोत्यांचा वास नाकात शिरतो. हांग मा येथे पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू मिळतात. कागदी नोटा, कागदी कपडे, कागदी घर आणि आता कागदी मोटारसुद्धा. पितरांच्या गरजाही काळाबरोबर वाढल्या आहेत. हांग थिएकवर सकाळपासून पत्रे ठोकण्याचा जो आवाज सुरू होतो, त्यात शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येत नाही. आम्ही एका कारागिरासमोर बराच वेळ उभे राहिलो. तो उपाहारगृहाच्या चुलीवरचे धुराडे करीत होता. त्याने आमच्याकडे पाहिले, आम्ही काही घेणार नाही हे एका नजरेत ओळखले आणि पुन्हा मान खाली घातली. प्रवाशांसाठी मांडलेला बाजार म्हणतात तो हा नव्हे.

आता दुसरा गैरसमज, आणि तो आम्हांस अधिक घातक वाटतो, कारण त्यात कौतुक आहे. ‘त्यांनी जपले’ असे आपण म्हणतो तेव्हा कोणी जपले आणि काय जपले, हे विचारायला हवे.

या पेठांतली घरे नळीसारखी असतात. तोंड दोन ते चार मीटर, आणि खोली मात्र कधी कधी साठ मीटरांच्याही पुढे. रस्त्यावर दुकानाचा गाळा, त्यामागे उघडा चौक, मग राहती खोली, पुन्हा चौक, शेवटी स्वयंपाकघर. वाऱ्या-उजेडाची सोय त्या चौकांवर. आपल्या वाड्याला कोणी दोन्ही बाजूंनी दाबून लांब केले तर जसे दिसेल तसे हे घर. एका कुटुंबासाठी ही रचना उत्तम होती. १९४६ च्या डिसेंबरात फ्रेंचांशी युद्ध पेटले तेव्हा याच घरांच्या मधल्या भिंतींना भगदाडे पाडून पेठेतल्या लोकांनी घराघरांतून जाणाऱ्या वाटा केल्या आणि साठ दिवस लढा दिला. १९४७ च्या फेब्रुवारीत उरलेले सैनिक रात्रीच्या अंधारात नदी ओलांडून निघून गेले. म्हणजे ज्या भिंतींच्या जपणुकीचे आपण गोडवे गातो, त्या पेठ वाचवण्यासाठी पेठकऱ्यांनी स्वतःच फोडल्या होत्या.

१९५४ नंतर उत्तर व्हिएतनाममध्ये समाजवादी राजवट स्थिरावली आणि दशक संपता संपता खाजगी व्यापार जवळजवळ बंद झाला. पुष्कळ घरे सरकारच्या ताब्यात गेली, आणि एकेका घरात चार-चार, पाच-पाच कुटुंबे, कोठे त्याहूनही अधिक, राहू लागली. दुकानाच्या गाळ्यात संसार थाटले गेले, चौकांवर छपरे पडली. हांग बाकवरच्या त्या दिन्हमध्येही कुटुंबे राहत होती. जवळजवळ तीस वर्षे हे असे चालले. मग १९८६ साली ‘डोई मोई’ हे नवे आर्थिक धोरण आले आणि खाजगी व्यापाराला पुन्हा मोकळीक मिळाली. थोड्याच वर्षांत गाळ्यांची दारे उघडली, फळ्या मांडल्या गेल्या, हातोड्या वाजू लागल्या.

आमच्या साऱ्या म्हणण्याचा आधार हा प्रसंग आहे. तीस वर्षे माल नव्हता, पाट्या नव्हत्या, गिऱ्हाईक नव्हते. घरे मोडकळीस आली होती. पहिल्या लेखकांच्या कसोटीने ती पेठ मेलेली होती. तरीही ती उठून उभी राहिली, कारण धंदा जाणणारी माणसे त्याच खोल्यांत, अडचणीत का होईना, राहत होती. आता याच्या उलट बाजूचे उदाहरण पाहा. मा मे रस्त्यावरचे ८७ क्रमांकाचे घर फ्रान्समधल्या तुलूझ शहराच्या सहकार्याने १९९९ च्या सुमारास दुरुस्त झाले. काम सुंदर आहे. सुतारकाम पाहतच राहावे. त्या घरात पाच कुटुंबे राहत होती. ती हलवली गेली, आणि आता तिकीट काढून आत जाता येते. आम्हीही गेलो. चुलीवर मांडलेली भांडी पाहिली. त्या चुलीवर काही शिजत नाही. अशी चार घरे असावीत, अभ्यासासाठी असावीत, याला आमची हरकत नाही. पण सगळी पेठ अशी व्हावी असे ज्यांना मनातून वाटते, त्यांनी हे पक्के ध्यानात घ्यावे की माल गेला तरी पेठ परतली, पण माणूस गेलेल्या घरात व्यापार परतलेला नाही.

२००४ साली या पेठांना राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. त्याच सुमारास हांग दाओवर आठवडाअखेरचा रात्रीचा बाजार सुरू झाला. २००८ साली हानोईच्या प्रशासनाने साठांहून अधिक रस्त्यांवर फेरीवाल्यांना मनाई केली. आता थाच लाम या लेखकाचे ‘हानोईच्या छत्तीस पेठा’ हे पुस्तक घ्या. लेखक १९४२ साली वारला आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. या पेठांवरचे सर्वांत लाडके पुस्तक म्हणून व्हिएतनामी वाचक त्याच्याकडे पाहतात. त्यातला मोठा भाग खांद्यावर कावड घेऊन खाद्यपदार्थ विकणाऱ्या बायांविषयी, त्यांच्या हाकांविषयी आणि त्यांच्या पदार्थांच्या चवींविषयी आहे. पुस्तक वारसा ठरले, आणि पुस्तकातल्या बाया अडथळा ठरल्या. चित्रकार बुइ शुआन फाय यांचेही तसेच. त्यांनी आयुष्यभर याच रस्त्यांची ओकीबोकी, वाकड्या छपरांची चित्रे काढली. इतकी की त्या चित्रांतल्या रस्त्यांना ‘फायचे रस्ते’ असे नाव पडले. विचारस्वातंत्र्याच्या चळवळीत भाग घेतल्यामुळे १९५७ साली त्यांची कलाविद्यालयातली नोकरी गेली, आणि पुढे गरिबीत दिवस काढताना ते कॉफीचे पैसे चित्रांनी चुकते करीत. १९८८ साली ते वारले, १९९६ साली त्यांना मरणोत्तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि आज त्यांच्या चित्रांच्या नकला त्याच पेठांत हारीने टांगलेल्या असतात. जपणूक ही अशीही असते.

यावर आक्षेप येईल, आणि तो खरा आहे, की त्या घरांत माणसे सुखाने राहतात काय? नाही, राहत नाहीत. या भागात हेक्टरी आठशेच्या वर माणसे राहत होती, आणि ती संख्या २०२० पर्यंत पाचशेवर आणण्याचा, त्यासाठी हजारो कुटुंबांना नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत हलवण्याचा सरकारचा संकल्प होता. मुदत टळून गेली तरी तो संकल्प फारसा पुढे सरकलेला नाही. आम्ही एका घरात शिरलो तेव्हा समोरून येणाऱ्या बाईंना वाट देण्यासाठी आम्हांला उलट पावली रस्त्यावर यावे लागले. बोळ तेवढाच होता. आत सामाईक नळ, सामाईक शौचकूप, भिंतीला भिंत लावून मांडलेल्या चुली. अशा ठिकाणी दोन रात्री काढून ‘काय तो जिवंतपणा’ म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. दाटी कमी व्हायला हवी, यात शंका नाही.

परंतु प्रश्न कोणी जावे आणि कोणाच्या मर्जीने जावे, हा आहे. एकाच नळीघरात पुढच्या गाळ्यातले कुटुंब आणि मागच्या अंधाऱ्या खोलीतले कुटुंब यांचे हित एक नसते. पुढच्याला रस्ता पोट देतो. तो नदीपलीकडच्या प्रशस्त घरात गेला तर तिथे मोकळी हवा मिळेल, गिऱ्हाईक मिळणार नाही. मागच्याला कदाचित खरोखरच जायचे असेल, पण मोबदला पुरत नाही, मुलांची शाळा इथे आहे, म्हातारीचे शेजारपाजार इथे आहे. बाहेरच्या माणसाला दोघेही ‘गर्दी’ दिसतात. आणि जेव्हा दोघेही जातात तेव्हा ती जागा मोकळी राहत नाही. तिथे कॉफीचे दुकान येते, उंच हॉटेल येते, आणि त्यात राहायला जातो तो मी, तुम्ही, पहिले लेखक आणि दुसऱ्या लेखिका. ‘अस्सल उरले नाही’ ही तक्रार आपण ज्या खोलीत बसून लिहितो, ती खोली कोणाची होती, हे विचारण्याचे धैर्य प्रवासवर्णनकाराला असले पाहिजे.

आणखी एक घटना अलीकडची. १ जुलै २०२५ पासून व्हिएतनाममध्ये जिल्ह्यांचा प्रशासकीय स्तर रद्द झाला आणि छोटे-छोटे वॉर्ड एकत्र केले गेले. हांग बाक, हांग बुओम, हांग दाओ, हांग मा ही तोवर वॉर्डांचीही नावे होती. ते वॉर्ड होआन किएम या एका मोठ्या वॉर्डात विलीन झाले. रस्त्यांच्या पाट्या आहेत तशाच आहेत. कोणतीही भिंत पडलेली नाही. आमच्या दोन्ही लेखकांना यात काहीच घडलेले दिसणार नाही. पण ज्या फुओंगवरून ‘छत्तीस फुओंग’ हा शब्द आला, त्या फुओंगच्या यादीतून चांदी आळीचे नाव गेले. कारभाराच्या सोयीसाठी हे योग्य असेलही. आम्ही एवढेच म्हणतो की इमारतीला तडा गेला तर आपण लेख लिहितो, आणि वस्तीचे नाव कागदावरून गेले तर आपल्याला त्याची वार्ताही नसते. आपली नजर कशावर खिळलेली आहे, हे यावरून दिसते.

हे सगळे आम्ही मराठी नियतकालिकात का लिहीत आहोत, असे कोणी विचारील. हानोईच्या पेठांचे काय करावे हे हानोईकर ठरवतील. त्यांना आमच्या सल्ल्याची गरज नाही. आम्हांला चिंता आहे ती आमच्या लेखणीची. आमच्या इंदुरातला सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्यापिण्याचा. बाहेरगावच्या पाहुण्याने रात्री येऊन ‘इथे सोने कोठे आहे, ही तर फसवणूक’ असे लिहिले तर आपण हसू. आणि दुसऱ्याने ‘दुकानांच्या पायऱ्या काय छान जपल्या आहेत’ असे लिहिले तरीही हसू, कारण रात्री त्या पायरीवर कढई कोण मांडतो, दिवसा तिथे कोण बसतो आणि त्या दोघांत काय बोली झालेली आहे, हे आपल्याला ठाऊक असते. तीच बोली म्हणजे सराफा. हानोईत गेल्यावर मात्र आपण ते शहाणपण विमानतळावर ठेवून येतो आणि पायऱ्या मोजत बसतो.

मराठी प्रवासवर्णनाला पूर्वपुण्याई मोठी आहे. गोडसे भटजी दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि १८५८ च्या धामधुमीत झाशीत अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापला गेला तो १९०७ साली, आणि आजही वाचला जातो, कारण त्यात माणसे आहेत. काय खाल्ले, कोणी आसरा दिला, कोणी लुटले, हे आहे. त्याच १९०७ साली हानोईच्या हांग दाओवर, रेशमाच्या दुकानांच्या शेजारी, काही देशभक्तांनी फी न घेता नवे शिक्षण देणारी ‘डोंग किन्ह न्गिया थुक’ ही शाळा काढली होती. फ्रेंचांनी ती वर्षभरही टिकू दिली नाही. आणि त्याला लागूनच असलेल्या हांग न्गांग रस्त्यावर, ४८ क्रमांकाच्या घरात, एका रेशीम व्यापाऱ्याच्या माडीवर बसून हो चि मिन्ह यांनी १९४५ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिला. आमच्या दोन्ही लेखकांनी हांग दाओवरून फेरफटका मारला होता. एकाने तिथे शर्ट महाग मिळाल्याची नोंद केली, दुसरीने दिव्यांच्या माळांची.

आमची मागणी फार मोठी नाही. जो मराठी लेखक यापुढे त्या पेठांत जाईल त्याने एका रस्त्यावर, एका दुकानासमोर, थोडा अधिक वेळ उभे राहावे. या घरात किती चुली आहेत, मागे कोण राहते, गाळ्याचे भाडे कोणाला जाते, मुलगा हाच धंदा करणार आहे काय, असे चार प्रश्न दुभाष्याच्या मदतीने विचारावेत, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर तेही प्रांजळपणे लिहावे. त्यानंतर पेठ मेली आहे की जगते आहे, यावर त्याने खुशाल मत द्यावे. आमच्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत ते वाचले गेले तर आम्ही गप्प बसणार नाही, एवढे आश्वासन आम्ही आजच देऊन ठेवतो.